रंगभवनात टेप चालू ठेवून उभ्या राहिलेल्यांना

प्रति,
सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, कराडकडून रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाऊन धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम ऐकलेल्या, आणि तेव्हा पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून नेलेल्या सर्वांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्याकडच्या एका रेकॉर्डिंगमध्ये दोन गाण्यांच्या मधे मागून एक मुलगा ओरडतो, "आरं, म्हालक्ष्मी चुकंल, चल की!" दुसरा म्हणतो, "जाऊ दे रं, हे एक हुं दे." तेवढ्यात ड्रम सुरू होतो आणि दोघंही त्यात बुडून जातात. महालक्ष्मी एक्स्प्रेस म्हटल्यावर ही पोरं आपल्याकडची, यात मला शंका नाही. पुण्याची असती तर त्यांनी दुसऱ्या गाडीचं नाव घेतलं असतं, आणि ‘हुं दे’ तर मुळीच म्हटलं नसतं.

हे रेकॉर्डिंग मी केलं, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. गिरगावात मावशीकडं जाते असं घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, फक्त मावसभाऊ तिकिटं काढून बसलाय एवढं सांगायचं राहिलं. आतेभावानं दुबईहून आणलेला, रेकॉर्डिंग होणारा वॉकमन पर्समध्ये आणि सुपारीएवढा माइक ओढणीच्या गाठीत. दारावर पोरांचे खिसे चाचपत होते. मुलींच्या पर्सला तेव्हा कुणी हात लावत नसे, याचा मी पुढं बरीच वर्षं फायदा घेतला.

रंगभवन म्हणजे उघडं थिएटर, आणि महिना ऑगस्टचा. स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचा कार्यक्रम. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटायची असते. ती मी छत्रीखाली, अंधारात, ओल्या बोटांनी उलटली. तेवढ्यात एका गाण्याचा मधला तुकडा गेला तो गेलाच. आणि लेबलवर मी काय लिहिलं? ‘रंगभवन – पाऊस’. तारीख नाही, बँडचं नाव नाही. त्या वयात वाटतं, हे आपण कसं विसरू! साल १९९२ की १९९३, यावर मावसभाऊ आणि मी आजही भांडतो.

आवाज म्हणाल तर दिव्य आहे. गिटार गोधडीखालून आल्यासारखी. त्यापेक्षा छत्र्यांवरचा पाऊस स्वच्छ येतो. पुढं कुणी मुलगी सगळे शब्द चुकवत पण सुरात गाते. माझा नवरा म्हणतो, यात गाणं कुठाय? मी म्हणते, गाणं कॅसेट कंपनीच्या कॅसेटवर आहेच की, पण तिथं पाऊस कुठाय?

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दोन तऱ्हेचं. एक, मंचावरचे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून थेट वायर काढून केलेलं. त्यात वाद्यं लख्ख येतात, पण सभागृह नसतं. टाळ्यासुद्धा शेजारच्या घरातून आल्यासारख्या. दुसरं आपल्यासारख्यांचं, लोकांत उभं राहून केलेलं. त्यात छप्पर, भिंती, गर्दी, शिट्ट्या सगळं येतं. हे दुसरं जपणाऱ्यांची जगात मोठी जमात आहे, आणि आपण सगळे, मान्य करा न करा, तिचे दूरचे नातेवाईक आहोत.

या जमातीतला सगळ्यात अफलातून माणूस म्हणजे लॉस एंजेलिसचा माइक मिलार्ड. चालता येत असून १९७० च्या दशकात तो व्हीलचेअरवर बसून कार्यक्रमांना जायचा, कारण त्या खुर्चीत नाकामिची कंपनीचा जडशीळ टेपरेकॉर्डर दडवलेला असायचा. २१ जून १९७७ ला फोरम सभागृहात त्यानं केलेलं लेड झेपेलिनचं रेकॉर्डिंग आजही दर्दी लोक डोळे मिटून ऐकतात. त्याच बँडचा मॅनेजर पीटर ग्रँट असल्या लोकांचा कर्दनकाळ होता. १९७१ साली व्हँकुव्हरमध्ये प्रेक्षकांतलं एक यंत्र त्यानं स्वतःच्या हातानं फोडलं, आणि मागाहून कळलं की ते आवाजाचं प्रदूषण मोजणारं नगरपालिकेचं यंत्र होतं! आपल्या गणपतीत असं यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

उलट ग्रेटफुल डेड. या बँडच्या लोकांनी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना आधी चालवून घेतलं आणि पुढं मानानं जागा दिली. माइकच्या काठ्यांचं रान मिक्सरच्या टेबलापुढं उभं राहायला लागलं, तेव्हा ऑक्टोबर १९८४ पासून टेबलामागं रेकॉर्डिंगवाल्यांसाठी वेगळा भाग राखला आणि त्याची वेगळी तिकिटं काढली. त्यांचा गिटारवाला जेरी गार्सिया याचं म्हणणं साधारण असं, की आमचं वाजवून झालं की ते लोकांचं. अट एकच: पैसे घ्यायचे नाहीत. वाटा, बदला, भेट द्या, पण विकू नका. त्यामुळं या बँडच्या शेकडो कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं आज कुणालाही ऐकता येतात. तीस वर्षं वाजवलेल्या बँडचं एकच गाणं वर्षावर्षाला कसं बदलत गेलं हे बसून ऐकता येतं, जसं आपण एखाद्या गवयाचा एकच राग त्याच्या तरुणपणीचा आणि म्हातारपणीचा ऐकतो.

मी त्या वाटेला लागले १९९८ साली. सांगलीत नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि तासाला पैसे मोजून सायबर कॅफेच्या खोलीत बसावं लागे. ओहायोतल्या एका शिक्षकानं डेडच्या कार्यक्रमाची कॅसेट द्यायचं कबूल केलं. पैसे विचारले तर दुखावलाच. त्यांच्यात रीत अशी, की आपण कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, समोरचा त्यावर उतरवून देतो. परतीची अमेरिकन तिकिटं मी कुठून आणणार? म्हणून दोन कोऱ्या कॅसेटी जास्त पाठवायच्या ठरल्या. टपाल कचेरीतल्या बाईंनी कस्टमच्या कागदावर लिहायला ‘यात काय आहे?’ विचारलं. काही नाही, म्हटलं. कोऱ्या कॅसेटी अमेरिकेला कशाला, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

त्यानं आणखी एक मागितलं: तुमच्याकडचं काही असेल तर पाठवा. मी ‘रंगभवन – पाऊस’ उतरवून पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या माझ्या माहेरी माझ्या सगळ्या कॅसेटी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत होत्या, कारण वरच्या कप्प्यांत बाबांची नाट्यसंगीताची रिळं. २००५ ला पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन गेलं होतं, तेवढ्याच हिशेबानं आम्ही सामान उचललं. आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा कॅसेटी आणि चिखल यांत फरक करता येत नव्हता. घाईनं मी त्या गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. हे अजिबात करायचं नसतं, हे मागून कळलं. कॅसेटची फीत पाण्यानं सहसा मरत नाही. ती चिखलानं, उन्हानं आणि आपल्या घाईनं मरते. भिजलेली कॅसेट वाजवून बघायची नाही. हेअर ड्रायर लावायचा नाही. स्वच्छ, शक्य तर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, सावलीत वाऱ्यावर सावकाश वाळू द्यायची, आणि मग फीत काढून स्क्रूच्या कोऱ्या डबीत बसवायची. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा हे ज्ञान शेजाऱ्यांच्या उपयोगी पडलं. माझ्याकडं वाचवण्यासारखं तोवर उरलं नव्हतं.

ओहायोचा पत्ता जुन्या वहीत होता. लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, सोबत फाइल. प्रतीची प्रत असल्यामुळं खरखर वाढलेली, ब बाजूचा शेवटचा भाग तुटलेला, पण पाऊस आहे, ती मुलगी आहे, म्हालक्ष्मी चुकवणारी पोरं आहेत. त्यानं माझी चिठ्ठीही जपली होती. तिचा फोटो पाठवला. मी हरखले, म्हटलं आता सालाचा वाद मिटला. चिठ्ठीत माझ्याच अक्षरात होतं: ‘साल नक्की आठवत नाही.’

आता तुमच्याकडं वळते.

आपल्या भागात कॅसेटी जपणाऱ्यांची कमी नाही. मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत गाणं होतं, तिथं मांडीखाली टेप घेऊन बसणारे माझ्या लहानपणापासून मी बघत आलेय. तंबोरे-सतारी बनवणाऱ्या या गावात ऐकणाऱ्यांचे कानही तसेच तयार. पण त्या मंडळींची एक खोड रॉकवाल्यांनीही उचलली आहे. ‘हे फक्त माझ्याकडं आहे’ म्हणताना चेहऱ्यावर जे तेज येतं, ती खोड. ऐकवतील, चहा पाजतील, भडंग खायला घालतील, पण प्रत मागितली की कॅसेट सापडत नाही. दिलीच तर ‘पुढं कुणाला देऊ नको’ अशी शपथ घालतात. मी अशा चार शपथा घेतल्या आहेत. त्यातल्या दोन घालणारे आता हयात नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनी कॅसेटी रद्दीवाल्याला दिल्या. रद्दीवाल्यानं डब्यांचं प्लास्टिक घेतलं आणि फीत टाकून दिली. त्या दोन शपथा मी मोडल्या आहेत, आणि मला रात्री नीट झोप लागते.

रंगभवनाच्या बाबतीत तर ही खोड परवडणारीच नाही. त्या मंचावर १९८० साली द पोलीस हा ब्रिटिश बँड वाजवून गेला. इंडिपेंडन्स रॉक हे स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचं रॉक संमेलन १९८६ ला सुरू झालं. पुढं रॉक मशीन या बँडचं नाव बदलून इंडस क्रीड झालं. ही नावं तरी राहिली. पण त्या वर्षांत कॉलेजांतून किती बँड निघाले, दोन पावसाळे वाजवले आणि नोकऱ्यांना लागले! त्यांची कॅसेट कुठल्या कंपनीनं काढली नाही. ते कसे वाजवत होते हे कुणाच्या माळ्यावर असलं तर आहे, नाही तर नाही. आणि शांतता क्षेत्राच्या नियमांत ते थिएटरही गप्प झालं, त्यामुळं त्या जागेत गिटार कशी घुमायची हेसुद्धा त्याच कॅसेटींवर आहे.

म्हणून सांगते, माळ्यावर चढा. गुडघे दुखत असतील तर पोराला चढवा.

कॅसेट सापडली की लगेच वाजवायला बसू नका. फीत हेडवर दाबून धरणारा कॅसेटमधला छोटा पॅड गळला असेल तर चिकटवा. तो नसेल तर आवाज दबका येतो आणि आपण उगाच फितीला दोष देतो. डेकचं हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर इकडंतिकडं फिरवला की झांजेचा आवाज एकदम उजळतो, कारण तुमच्या त्या जुन्या वॉकमनचं हेड जेवढं तिरकं होतं तेवढंच या डेकचं व्हावं लागतं. उतरवायची ती पहिल्याच खेपेला नीट, कारण काही फिती दुसरी खेप देत नाहीत. फाइल एमपीथ्री करू नका. ते ऊस चरकातून काढून रस दुसऱ्याला आणि चिपाड आपल्याला ठेवण्यासारखं आहे. फ्लॅक नावाचा प्रकार फुकट आहे, त्यात काही गळत नाही.

आणि कृपा करून ‘साफ’ करू नका. खरखर काढायची सॉफ्टवेअरं आता कुणाच्याही फोनवर आहेत. माझ्या भाच्यानं हौसेनं माझ्या फाइलवर एक चालवलं. पाऊस गेला. पोरंही गेली. त्याला वाटलं होतं मी खूश होईन. हवी तर साफ केलेली प्रत वेगळी ठेवा, पण मूळ आहे तसं कुठंतरी राहू दे.

लेबलाचं मी काय सांगू, माझंच उदाहरण समोर आहे. पण मोठ्यांचंही ऐका. बॉब डिलनच्या १९६६ च्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, ज्यात प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला ‘जूडास’, म्हणजे दगाबाज, म्हणून ओरडतो, ते कित्येक वर्षं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावानं फिरलं. खरं ते १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधलं. अधिकृतपणे निघालं ते १९९८ साली, आणि तेव्हाही कव्हरवर जुनं चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं, कारण लोक त्याच नावानं ओळखत होते. त्यामुळं आठवत असेल ते लिहा, आणि आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं लिहा. अंदाजाला तारखेचे कपडे घालू नका.

विकण्याचं म्हणाल, तर मोह होईल. झालाय लोकांना. १९६९ च्या नोव्हेंबरात ओकलंडला रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम कुणीतरी प्रेक्षकांतून टिपला आणि महिन्याभरात त्याची चोरटी रेकॉर्ड दुकानांत होती. त्यातून पैसे कुणी केले? ज्यांनी गिटार वाजवली त्यांनी नाही. रेकॉर्डिंग विकायला काढलं, की आपण रसिक राहत नाही, दलाल होतो. हळदीच्या पेठेत राहतो आपण. दलाल म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको.

कायद्याकडंही डोळेझाक करायची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं वादन-गायन करणाऱ्याचा हक्क नीट आला, आणि १९९९ च्या दुरुस्तीनं तो पन्नास वर्षांचा झाला. स्वतःपुरतं रेकॉर्डिंग कायदा माफ करतो, वाटणं नाही. शिवाय गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळाच. यावर उपाय अगदी साधा आहे, पण आपल्याला संकोच वाटतो: विचारायचं. ते बँडवाले आता साठीच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या एकाला मी निरोप पाठवला, की तुमच्या वाजवण्याची वीस मिनिटं माझ्याकडं आहेत, इतरांना देऊ का? त्यानं उत्तरात होकार दिलाच, वर विचारलं, ‘त्यात मी चुकलेलं ऐकू येतं का?’ येतं. मी खोटं बोलले.

इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर २००२ पासून कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगचा मोठा विभाग आहे. तिथं परवानगी दिलेल्या बँडचंच घेतात. २००५ साली ग्रेटफुल डेडकडून मिक्सरवरची रेकॉर्डिंगं उतरवून घेणं बंद झालं. त्या गडबडीत प्रेक्षकांची रेकॉर्डिंगंही बंद झाली, तेव्हा रसिकांनी एवढा गिल्ला केला की थोड्याच दिवसांत प्रेक्षकांची परत आली. मिक्सरची नुसती ऐकण्यापुरती उरली. मला तो न्याय आवडला. बँडच्या तारेतून निघालेलं बँडचं. पावसात उभं राहून टिपलेलं, टिपणाऱ्यांनी वाटावं.

माझ्याकडं विश्रामबागेत एक चालू डेक आहे, बेल्ट नवीन घातलेला. रविवारी सकाळी मी घरी असते आणि कॅसेट तुमच्यासमोर उतरून तुमच्या हातात परत मिळते, ठेवून घेत नाही. गल्लीत कुणालाही कॅसेटवाल्या बाई विचारा.

त्या कार्यक्रमाला अजून कुणी टेप नेला होता का, हे मला खास हवंय. कॅसेट उलटताना माझं जे गाणं मधेच तुटलं, ते तुमच्याकडं अखंड असेल. तुमचं कुठं तरी दुसरीकडं तुटलं असेल, ते माझ्याकडं असेल. दोन्ही जोडता येतात. सांधा कुठं आहे हे लिहून ठेवायचं, एवढंच. आणि तुमच्या लेबलवर तारीख असली तर मावसभावाला तोंड दाखवायला मला जागा होईल, किंवा नाही होणार.

शेवटी त्या दोन पोरांना, जी आता पन्नाशी ओलांडलेली असतील. मी तुमच्या पुढं उभी होते, निळ्या छत्रीखाली, आणि मागं वळून तुम्हाला ‘जरा गप्प बसा की’ म्हणाले होते. तेही रेकॉर्डिंगमध्ये आलंय. त्याबद्दल माफी. गाडी मिळाली का?

आपली,
कॅसेटवाल्या बाई
विश्रामबाग, सांगली